पटावरची दोन औषधे

रोगकारक बुरशीवर दोन औषधे एकत्र दिली तर परिणाम वाढतो, तेवढाच राहतो की उलट घटतो, हे तपासायला प्रयोगशाळेत तळहाताएवढी एक प्लास्टिकची प्लेट पुरते. तिच्यात आठ आडव्या आणि बारा उभ्या ओळींत ९६ खळगे असतात. एका औषधाचे प्रमाण डावीकडून उजवीकडे निम्मे-निम्मे होत जाते, दुसऱ्याचे वरून खाली. त्यामुळे प्रत्येक खळग्यात दोन औषधांची वेगळीच जोडी तयार होते. मांडणी बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते, म्हणून या पद्धतीला ‘चेकरबोर्ड’ म्हणतात. अशा खळग्यांची प्लेट १९५१ मध्ये हंगेरीतील ग्युला ताकाची यांनी इन्फ्लुएन्झाच्या चाचण्यांसाठी हाताने घडवली होती. आज ती जगभरच्या प्रयोगशाळांत रोज हजारोंनी वापरली जाते.

औषधांच्या जोडीची गरज का पडते, याचे उत्तर बुरशीच्या स्वभावात आहे. पावावर, भिंतीवर किंवा चामड्यावर उगवलेली बुरशी वनस्पतीसारखी वाटते, पण उत्क्रांतीच्या नात्याने ती प्राण्यांना अधिक जवळची. तिच्या पेशीत माणसाच्या पेशीसारखेच केंद्रक असते आणि आतली बरीचशी यंत्रणाही आपल्यासारखीच चालते. जीवाणूंना मारणारी पेनिसिलिनसारखी औषधे माणसाच्या पेशीत मुळातच नसलेल्या भागावर घाव घालतात. बुरशीत असे वेगळे भाग मोजकेच. माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते तिथे बुरशीत अर्गोस्टेरॉल असते, आणि त्या पटलाबाहेर ग्लुकनसारख्या शर्करांची कठीण भिंत असते. शरीराच्या आत शिरलेल्या बुरशीवरची बहुतेक औषधे याच दोन ठिकाणांवर काम करतात. अँफोटेरिसिन-बी अर्गोस्टेरॉलला चिकटून पटल निकामी करते. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल यांसारखे ‘अझोल’ अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन या ‘एकायनोकॅन्डिन’ गटातील औषधांमुळे ग्लुकनची भिंत बांधली जात नाही. चौथे फ्लुसायटोसिन. ते पेशीत शिरून आरएनए आणि डीएनएची घडण बिघडवते. गंभीर आजारांसाठी डॉक्टरांच्या हाती आहेत ते मुख्यतः एवढे चारच प्रकार. जीवाणूंवरच्या अँटिबायोटिकांची लांबलचक यादी पाहिली की ही गरिबी डोळ्यांत भरते.

यातली जुनी औषधे मातीतूनच आली. न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन यांनी १९५० मध्ये निस्टॅटिन जाहीर केले. त्याचे नावच त्या राज्यावरून पडले. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस गटातील एका जीवाणूपासून अँफोटेरिसिन मिळाले. महाराष्ट्राचाही या कुळाशी थेट संबंध आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे अँफोटेरिसिनच्याच घराण्यातले बुरशीनाशक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे पिंपरीचे नाव दिले गेले. आज त्या गावाच्या नावाची ही ओळख फारच थोड्यांना असेल.

चार प्रकारांतही प्रत्येकाची काही ना काही खोड आहे. अँफोटेरिसिन सलाइनमधून द्यावे लागते, ते देताना थंडी वाजून ताप भरतो, आणि मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो. फ्लुसायटोसिन एकटे दिले तर बुरशी त्याला भराभर सरावते. अझोल बऱ्याच बुरशींची वाढ थांबवतात, पण त्यांना मारतातच असे नाही. म्हणून जोडीकडून तीन अपेक्षा असतात: एकाचा डोस कमी करता यावा, प्रतिकार रुजू नये, आणि रोग लवकर हटावा. एक वेगळी गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. दुकानात सहज मिळणाऱ्या, बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेल्या मलमांनाही लोक ‘कॉम्बिनेशन’ म्हणतात. नायट्यावर ती लावली की खाज दोन दिवसांत थांबते, कारण स्टेरॉइड शरीराचा विरोध दाबून टाकते. बुरशी मात्र पसरतच राहते. प्रयोगशाळेत ज्या जोड्या तपासल्या जातात त्यांच्याशी या मलमांचा काही संबंध नाही, आणि ही गल्लत भारतातल्या लाखो रोग्यांना महागात पडली आहे.

पटावरच्या चाचणीची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. रोग्याच्या रक्तातून, पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवातून किंवा जखमेतून वाढवलेली बुरशी ताज्या माध्यमावर पुन्हा वाढवली जाते. मग तिच्या पेशी पाण्यात मिसळून त्यांची दाटी मोजतात. अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेच्या पद्धतीत कॅन्डिडासारख्या यीस्टच्या, म्हणजे एकपेशीय बुरशीच्या, पेशी दर मिलिलिटरला सुमारे ५०० ते २,५०० ठेवतात. युरोपच्या युकास्टची पद्धत याच्या शंभरपट पेशी घेते. पेशी वाढतात त्या पोषकद्रवाचे नाव आरपीएमआय-१६४०. मुळात तो मानवी रक्तपेशी वाढवण्यासाठी बनवला गेला, आणि त्याची आम्लता रक्ताच्या जवळपास, म्हणजे पीएच ७ वर बांधून ठेवावी लागते. ती थोडीही घसरली तर काही औषधांची धार बदलते. पाण्यात न विरघळणारी औषधे आधी डीएमएसओ या द्रावकात विरघळवून घेतात. अँफोटेरिसिनची कुपी उजेडापासून जपतात.

मग खरे किचकट काम. आठ तोंडांच्या पिपेटने एका औषधाची दुप्पट-निम्मी माळ उभ्या ओळींत भरली जाते आणि दुसऱ्याची आडव्या ओळींत. एक ओळ फक्त पहिल्या औषधाची, एक फक्त दुसऱ्याची. एका खळग्यात औषधच नाही, तिथे बुरशी मनसोक्त वाढली पाहिजे. एका खळग्यात बुरशी नाही, तो स्वच्छ राहिला पाहिजे. या दोन खळग्यांचा निकाल चुकला तर बाकीचे ९४ वाचण्यात अर्थ नाही. प्लेट ३५ अंश सेल्सिअसला ठेवतात. कॅन्डिडासाठी २४ तास पुरतात, संथ वाढणाऱ्या क्रिप्टोकॉकससाठी ७२ तास लागतात. गोलबुडाच्या प्लेटमध्ये वाढलेल्या यीस्टचा पांढरा ठिपका खळग्याच्या तळाशी शर्टाच्या बटणासारखा बसतो. प्लेटखाली आरसा धरून तंत्रज्ञ एकेक तळ पाहत जातो: इथे बटण आहे, इथे अंधूक आहे, इथे काहीच नाही. ज्या सर्वांत कमी प्रमाणात वाढ थांबली ते त्या औषधाचे ‘एमआयसी’, म्हणजे वाढ रोखणारे किमान प्रमाण.

समजा एका कॅन्डिडावर पहिल्या औषधाचे एमआयसी दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्याचे ८ मायक्रोग्रॅम आले. एकत्र दिल्यावर पहिले ०.२५ आणि दुसरे २ असतानाच वाढ थांबली. पहिल्याचा एक चतुर्थांश भाग पुरला, दुसऱ्याचाही एक चतुर्थांश. दोन्हींची बेरीज ०.५. या बेरजेला ‘एफआयसी निर्देशांक’ म्हणतात. ती ०.५ किंवा त्याहून कमी असेल तर दोन औषधे परस्परांना बळ देतात असे मानतात, म्हणजेच ‘सिनर्जी’. बेरीज ४ च्या वर गेली तर ती एकमेकांच्या आड येतात, म्हणजे ‘अँटॅगनिझम’. मधल्या पट्ट्यात परस्परांवर परिणाम नाही असे समजायचे.

हा मधला पट्टा इतका रुंद का, असा प्रश्न कोणालाही पडावा. बेरीज ०.७५ आली तर मदत झाली असे का म्हणू नये? त्याचे कारण चाचणीच्या बांधणीत आहे. प्रत्येक खळग्यात औषध निम्मे होत असल्यामुळे एमआयसी एक पायरी वर किंवा खाली वाचले जाणे ही या पद्धतीतली रोजचीच गोष्ट आहे. तोच वाण, तीच प्लेट, पण दुसऱ्या दिवशी १ चे २ किंवा ०.५ येऊ शकते. वरच्या उदाहरणात दोन्ही औषधांची एकट्याची एमआयसी एक पायरी खाली वाचली गेली तर निर्देशांक ०.५ चा १ होतो आणि सिनर्जी दिसेनाशी होते. एक पायरी वर वाचली गेली तर तो ०.२५ होतो आणि तीच जोडी दिमाखदार वाटू लागते. बुरशीशास्त्रज्ञ फ्रँक ऑड्स यांनी २००३ मध्ये यावरच बोट ठेवून ०.५ आणि ४ या दोन कडक मर्यादा धराव्यात असे सुचवले. ते मान्य झाले, आणि आज बहुतेक शोधनिबंध याच मर्यादा पाळतात. शिस्त आली, पण नेमकेपणा आला असे म्हणता येत नाही. एका प्लेटवर वाढ थांबल्याची सीमारेषा अनेक खळग्यांतून जाते आणि प्रत्येक खळग्याचा निर्देशांक वेगळा निघतो. कोणी त्यातला सर्वांत कमी घेतो, कोणी सरासरी, आणि अँटॅगनिझम शोधणारा सर्वांत जास्त. एकच प्लेट तीन निबंधांत तीन निष्कर्ष देऊ शकते.

आणखी एक अडचण वाचताना येते. अँफोटेरिसिनची चाचणी वाचताना वाढ पूर्ण थांबली पाहिजे, तर अझोलची वाचताना वाढ निम्म्यावर आली तरी पुरते, कारण अझोलच्या खळग्यांत बराच काळ अंधूक वाढ रेंगाळते. मग दोन्ही एकत्र असतील तर कसोटी कोणाची लावायची? अॅस्परजिलससारख्या तंतुमय बुरशीवर एकायनोकॅन्डिन दिले तर प्रश्न आणखी वाढतो. तिथे वाढ थांबत नाही, तर तंतू आखूड, जाड आणि गाठाळ होतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवावे लागते. वेगवेगळ्या कसोट्या धरून केलेले निकाल जुळवायला कोणी बसले की त्याच्या हाती गोंधळच येतो.

जोडीचा परिणाम नेमका म्हणजे काय, याच्या दोन जुन्या व्याख्या आहेत आणि वाद त्यांच्यातही आहे. औषधशास्त्रज्ञ लोव यांच्या विचारानुसार एखादे औषध स्वतःशीच जोडले तर निर्देशांक १ आला पाहिजे. त्याहून कमी आला तर खरी मदत. चेकरबोर्डचे गणित याच पायावर उभे आहे. चेस्टर ब्लिस यांनी १९३९ मध्ये मांडलेला विचार वेगळा: दोन औषधे एकमेकांशी संबंध न ठेवता काम करतात असे धरून अपेक्षित परिणाम काढायचा. पहिल्याने ६० टक्के वाढ रोखली तर ४० टक्के उरली. दुसऱ्याने निम्मी रोखली तर २० उरली. म्हणजे अपेक्षा ८० टक्के. प्रत्यक्षात ९५ टक्के रोखली गेली तर वरचे १५ टक्के जोडीचे श्रेय. दोन्ही मोजमापे प्रामाणिक आहेत, पण प्रत्येक वेळी एकच उत्तर देत नाहीत. अलीकडे प्लेटमधला प्रत्येक खळगा प्रकाश-शोषणाने मोजून संपूर्ण पटाचा उंचसखल नकाशा काढला जातो आणि त्यावर ब्लिसचे गणित लावले जाते. डोळ्याने ‘वाढ आहे’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हा मार्ग अधिक माहिती देतो.

पटाखेरीज इतर चाचण्याही आहेत. औषधाचे प्रमाण कमी-कमी होत गेलेली कागदी किंवा प्लास्टिकची पट्टी, म्हणजे ‘ई-टेस्ट’, अशा दोन पट्ट्या आगरच्या थाळीत काटकोनात ठेवून वाढ कुठे थांबते ते पाहता येते. हे काम सोपे आहे, पण एका थाळीत फक्त एकाच जोडीचा कौल मिळतो. ‘टाइम-किल’ ही वेळखाऊ चाचणी खरे काहीतरी सांगते. बुरशीच्या पेशी औषधांसह फ्लास्कमध्ये ठेवून काही तासांच्या अंतराने, शेवटी २४ तासांनी, थोडा द्रव काढायचा, तो पातळ करून थाळीवर पसरायचा आणि जिवंत पेशींच्या वसाहती मोजायच्या. जोडीने उरलेल्या पेशी, एकट्या औषधांतले जे जास्त चांगले ठरले त्याच्या तुलनेत शंभराव्या हिश्श्याएवढ्या किंवा त्याहून कमी असतील तर सिनर्जी. पटावर दिसते ते वाढ थांबणे. टाइम-किलमध्ये मरणारी पेशी दिसते. कॅथेटरवर कॅन्डिडाचा चिकट थर, म्हणजे ‘बायोफिल्म’, बसलेला असेल तर त्या थराची वेगळी चाचणी लागते, कारण मोकळ्या पेशींना पुरणारे औषध त्या थरातल्या पेशींना बहुधा पुरत नाही.

प्रयोगशाळेतून प्राण्यांकडे जाण्याआधी एक छोटी पायरी अलीकडे रुळली आहे. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणारी एक अळी, गॅलेरिया मेलोनेला, हिच्या पोटाच्या पायाशी बारीक सुईने बुरशी टोचतात आणि मग औषधे टोचतात. ही अळी ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उबेत, तग धरते, म्हणून ती निवडली जाते. निरोगी अळी दुधाळ पिवळट असते. आजार बळावला की तिच्या अंगात मेलॅनिन साठून ती काळवंडते आणि मग हलायची थांबते. दिवसागणिक किती अळ्या जिवंत राहिल्या, यावरून जोडीचा पहिला कौल मिळतो. त्यानंतर उंदीर.

कोणती जोडी का जमेल, याचा अंदाज औषधांच्या कामावरून बांधता येतो, पण अंदाज नेहमी खरा ठरत नाही. एकाच मार्गातल्या दोन पायऱ्या अडवल्या तर परिणाम वाढावा, हे साधे तर्कशास्त्र. टर्बिनाफिन हे बुरशीनाशक अर्गोस्टेरॉल घडण्याची आधीची पायरी अडवते, अझोल नंतरची. लोमेंटोस्पोरा प्रोलिफिकन्स या जवळपास सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीवर टर्बिनाफिन आणि व्होरिकोनाझोल यांची जोडी चेकरबोर्डवर उठून दिसली, आणि पुढे रोग्यांवरही ती वापरली गेली. उलट, अझोल आणि अँफोटेरिसिन यांच्याविषयी तर्काने धोक्याची घंटा वाजवली. अँफोटेरिसिनला अर्गोस्टेरॉल हवे आणि अझोल तेच संपवते. मग अझोल आधी देऊन नंतर अँफोटेरिसिन दिले तर ते चिकटणार कशाला? उंदरांवरच्या अॅस्परजिलसच्या प्रयोगांत हा विरोध दिसलाही. पण रक्तात कॅन्डिडा शिरलेल्या २१९ रोग्यांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फ्लुकोनाझोल आणि अँफोटेरिसिन एकत्र देऊन तसे काही नुकसान झाले नाही. त्याहून गुंतागुंतीची जोडी फ्लुकोनाझोल आणि टॅक्रोलिमसची. फ्लुकोनाझोल कॅन्डिडाला फक्त रोखते. कॅल्सिन्युरिन नावाचे प्रथिन अडवणारे टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन सोबत दिले की तेच फ्लुकोनाझोल मारक ठरते. पटावर हे चित्र फार सुंदर दिसते. पण टॅक्रोलिमस म्हणजे अवयव प्रत्यारोपणानंतर रोगप्रतिकार दाबायला देतात तेच औषध. आधीच प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्याला ते कसे द्यायचे? म्हणून संशोधक आज माणसाचे कॅल्सिन्युरिन सोडून फक्त बुरशीचे अडवेल असे रेणू शोधत आहेत.

पटाने दाखवलेली वाट रोग्यापर्यंत पोहोचली याचे सर्वांत मोठे उदाहरण क्रिप्टोकॉकसचे आहे. ही यीस्ट कबुतरांच्या विष्ठेत आणि मातीत आढळते, श्वासातून फुफ्फुसात जाते आणि एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणते. उपचाराविना हा आजार जीव घेतोच. सेंट लुईसच्या जेराल्ड मेडॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये यीस्टवर अँफोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन एकमेकांना बळ देतात हे दाखवले. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण आजही शिकवले जाते: अँफोटेरिसिन पटल ढिले करते आणि फ्लुसायटोसिनला आत शिरायला वाट मिळते. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या तुलनात्मक चाचणीत जोडीचा सहा आठवड्यांचा, कमी डोसाचा उपचार एकट्या अँफोटेरिसिनच्या दहा आठवड्यांच्या उपचारापेक्षा सरस ठरला आणि मूत्रपिंडेही जास्त वाचली.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. क्रिप्टोकॉकसचे अनेक वाण घेऊन हीच जोडी चेकरबोर्डवर तपासली तर काहींत सिनर्जी दिसते, पण बऱ्याच वाणांचा निर्देशांक ‘फरक नाही’ याच मधल्या पट्ट्यात पडतो. प्लेट मध्यम उत्तर देते आणि रोगी स्पष्ट उत्तर देतो. थायलंडमध्ये ६४ रोग्यांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हे फार नेमकेपणाने दाखवतो. रोग्यांच्या मणक्यातला द्रव काही दिवसांच्या अंतराने काढून त्यातली जिवंत बुरशी रोज किती वेगाने घटते ते मोजले गेले. एका अर्थाने ही माणसाच्या शरीरातलीच टाइम-किल चाचणी. अँफोटेरिसिन एकटे असताना दररोज सरासरी ०.३१ लॉग (एक लॉग म्हणजे दहापट) घट झाली, फ्लुसायटोसिनच्या जोडीने ०.५४. फ्लुकोनाझोलसोबत ०.३९. आणि तिन्ही औषधे एकत्र दिली तेव्हा ०.३८, म्हणजे दोघांच्या चांगल्या जोडीपेक्षा कमी. तिसरे औषध वाढवून फायदा झाला नाहीच. जास्त औषधे म्हणजे जास्त उपचार, हा समज या एका आकड्याने ढासळतो.

जोडीने मृत्यू कमी होतात हे निर्विवाद दिसायला मात्र २०१३ उजाडावे लागले. व्हिएतनाममध्ये २९९ रोग्यांवर तीन उपचारांची तुलना झाली. चौदाव्या दिवसापर्यंत फ्लुसायटोसिनच्या गटात १५ जण दगावले, एकट्या अँफोटेरिसिनच्या गटात २५. सत्तराव्या दिवशी हेच आकडे ३० आणि ४४ होते. मेडॉफ यांच्या निबंधापासून बेचाळीस वर्षे गेली होती. आफ्रिकेतल्या मलावी, झांबिया, टांझानिया आणि कॅमेरून या देशांत ७२१ रोग्यांवर झालेल्या चाचणीने २०१८ मध्ये आणखी पुढे जाऊन दाखवले की एकच आठवडा अँफोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन दिले तरी दहा आठवड्यांनी मृत्यूचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवर येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँबिशन’ चाचणीत लायपोसोमल अँफोटेरिसिनचा फक्त एकच मोठा डोस, सोबत चौदा दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्या, असा उपचार आठवडाभराच्या सलाइनच्या तोडीचा ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ती पद्धत स्वीकारली. आठवडाभर रोज सलाइन चढवणे जिथे कठीण, तिथल्या दवाखान्यांसाठी हा फरक जीवनमरणाचा आहे.

पटाने फसवल्याची उदाहरणेही तितकीच स्पष्ट आहेत. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे स्वस्त औषध क्रिप्टोकॉकसला मारते आणि फ्लुकोनाझोलसोबत सिनर्जी दाखवते, असे २०१२ च्या सुमारास प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसले. आशा रास्त होती, कारण हे औषध मेंदूपर्यंत पोहोचते आणि ते सगळीकडे मिळते. युगांडात ४६० रोग्यांवर त्याची रीतसर चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा सर्ट्रालिनने काहीही फायदा दिसला नाही. शरीरात गेल्यावर ते बहुतांश प्रथिनांना चिकटून बसते आणि प्लेटमध्ये लागले तेवढे मोकळे औषध मेंदूत जमतच नाही, हे त्यामागचे सर्वांत पटणारे कारण मानले जाते. प्लेटच्या खळग्यात रक्तातली प्रथिने नव्हती.

म्युकर वर्गातल्या बुरशीमुळे होणाऱ्या म्युकरमायकोसिसच्या बाबतीत तर उलटेच दिसले. ही बुरशी लोहावर पोसते. रक्तातले जादा लोह खेचून घेणारे डिफेरासिरॉक्स लायपोसोमल अँफोटेरिसिनसोबत दिले तेव्हा उंदीर जास्त काळ जगले. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत वीसच रोगी होते. नव्वद दिवसांनी डिफेरासिरॉक्स मिळालेल्या गटात ८२ टक्के मृत्यू झाले, न मिळालेल्या गटात २२ टक्के. दोन्ही गट सारखे नव्हते, पहिल्यात आधीच अधिक गंभीर रोगी आले होते, त्यामुळे सगळा दोष औषधावर टाकता येत नाही. पण त्यानंतर म्युकरमायकोसिसवर हे औषध कोणी सुचवत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात हाच आजार कोविडमागोमाग हजारो घरांत आला आणि अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरले. म्युकर वर्गातील बुरशी फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल आणि फ्लुसायटोसिन या तिन्हींना मुळातच जुमानत नाहीत. म्हणून जोडीसाठी हातात उरते ते अँफोटेरिसिन, पोसाकोनाझोल किंवा इसाव्हुकोनाझोल हे अझोल, आणि काही ठिकाणी एकायनोकॅन्डिन. चाचण्यांचा भक्कम आधार यातल्या कुठल्याच जोडीला नाही. आधी शस्त्रक्रियेने कुजलेला भाग काढणे आणि रक्तातली साखर आटोक्यात आणणे हेच अजूनही उपचाराचे मूळ आहे.

अॅस्परजिलसवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल या दोन टोकांच्या मध्ये पडला. व्होरिकोनाझोल एकटे आणि व्होरिकोनाझोलसोबत अॅनिड्युलाफंजिन हे एकायनोकॅन्डिन, अशी तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी मृत्यू २७.५ टक्क्यांवरून १९.३ वर आले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात अपुरा पडला. म्हणून या जोडीचा निर्णय आजही रोगी पाहून डॉक्टर घेतात.

सगळ्यात निकडीची गरज आज कॅन्डिडा ऑरिसची आहे. २००९ मध्ये जपानमधल्या एका वृद्धेच्या कानात ही यीस्ट सापडली, म्हणून ‘ऑरिस’, लॅटिनमध्ये कान. भारतातल्या अतिदक्षता विभागांत ती आता ओळखीची झाली आहे. बहुतेक वाण फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत, आणि काही थोडे तर चारही गटांना जुमानत नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली प्राधान्ययादी काढली. त्यातल्या १९ बुरशींपैकी सर्वांत गंभीर गटात ऑरिससोबत क्रिप्टोकॉकस निओफॉरमन्स, अॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स आहेत. नायटा मुळात जीवघेणा नसला तरी टर्बिनाफिनला न जुमानणारा ट्रायकोफायटन इंडोटिनिई भारतात सर्वदूर पसरला आहे. त्याच्यासाठीही टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोल अशा जोड्यांची चाचणी प्रयोगशाळांत होते.

रोजच्या रुग्णसेवेत मात्र चेकरबोर्ड मागवला जात नाही. एकट्या औषधांच्या एमआयसीवरून उपचार ठरवण्याच्या मर्यादा सीएलएसआय आणि युकास्टने ठरवून दिल्या आहेत. जोडीसाठी अशा मर्यादा अजून नाहीत. एका प्लेटला दिवसभराचे काम, मग एक ते तीन दिवस वाट, आणि शेवटी असा आकडा जो उद्या एक पायरी सरकू शकतो. म्हणून चारही गटांना प्रतिकार करणाऱ्या ऑरिससाठी काही संशोधकांनी सोपी मांडणी स्वीकारली आहे. फ्लुसायटोसिनसारख्या एका औषधाचे, रोग्याच्या रक्तात सुरक्षितपणे गाठता येते तेवढे एकच प्रमाण सर्व खळग्यांत ठेवायचे आणि दुसरे औषध माळेने घटवत न्यायचे. त्याचे एमआयसी उपचाराच्या आवाक्यात आले की नाही, एवढेच पाहायचे. इथे निर्देशांक काढावा लागत नाही. समोर असलेल्या रोग्याला देता येईल अशा डोसात ती बुरशी थांबली का, याचे उत्तर डॉक्टरला थेट वाचता येते.